मिशन, मैत्री आणि ‘छोटा भाई’ : व्हेरिअर एल्विन व शामराव हिवाळे यांच्या सहजीवनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

१९१० साली एडिनबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. परिषदेस जमलेल्या प्रतिनिधींत युरोप-अमेरिकेतील मंडळींचाच भरणा होता. आशियातून आलेल्या मोजक्या वक्त्यांपैकी व्ही. एस. अझरिया या दक्षिण भारतीय धर्मसेवकाने तेथे एक अप्रिय प्रश्न उपस्थित केला. पाश्चात्त्य मिशनरी हिंदुस्थानात येतात, कष्ट सोसतात, द्रव्य देतात, प्रसंगी देहही ठेवतात. परंतु ते येथील माणसांचे बरोबरीच्या नात्याने मित्र का होत नाहीत, असा त्या प्रश्नाचा आशय होता. सभागृहातील अनेकांना तो रुचला नाही. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, हेच अझरिया दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत. पदोन्नतीने त्यांचा प्रश्न मात्र सुटला नव्हता.

मिशनच्या इतिहासलेखनातही हा प्रश्न मागे पडलेला दिसतो. शाळा, दवाखाने, छापखाने, कोश, व्याकरणे आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या यांच्या नोंदी विपुल आहेत. याचे एक साधे कारण असे की मिशनचे वार्षिक अहवाल ज्या रकान्यांत भरले जात, त्यांत मैत्रीचा रकाना नव्हता. स्थानिक सहकारी या साधनांत येतो तो ‘पंडित’, ‘मुन्शी’ किंवा ‘मदतनीस’ म्हणून. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये सिद्ध झाले. त्यांच्या मराठी कामात पंडित वैजनाथ यांचा वाटा मोठा होता. परंतु मराठी वाचकाला वैजनाथ नावापलीकडे फारसे माहीत नाहीत. याला अपवाद नाहीत असे नाही. १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आलेल्या सी. एफ. अँड्र्यूज यांनी, प्राचार्यपद रिकामे होताच ते आपले ज्येष्ठ भारतीय सहकारी सुशीलकुमार रुद्र यांनाच मिळावे असा आग्रह धरला आणि १९०६ मध्ये रुद्र प्राचार्य झाले. मैत्रीची किंमत पदाच्या रूपाने मोजली गेल्याचे हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

प्रस्तुत लेखात यापुढचे, अधिक गुंतागुंतीचे उदाहरण विचारार्थ घेतले आहे. व्हेरिअर एल्विन हे ख्रिस्ती धर्मसेवेसाठी इंग्लंडहून पुण्यास आले आणि शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्यांची मैत्री जडली. एल्विन यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शामराव त्या लेखनात सर्वत्र आहेत, तरी बहुधा कडेलाच आहेत. वास्तविक या मैत्रीतील स्थानिक पक्ष मुका नव्हता. त्याने लिहिले, आणि आपल्या मित्राचे पहिले चरित्रही त्यानेच लिहिले.

पुण्यातील आश्रम

एल्विन ज्या संस्थेत आले तिची मुळे महाराष्ट्रात होती. जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी १९१४ पासून हिंदुस्थानात काम करीत होते. कवी नारायण वामन टिळक यांच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. परदेशी मिशनच्या चौकटीत ख्रिस्त परकाच राहतो, या जाणिवेने टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. संघात खादीचा वेश, भारतीय आहार, जमिनीवरची बैठक आणि युरोपीय व भारतीय सभासदांचे एकत्र राहणे हे नियम होते. आज यात काही विशेष वाटत नाही. परंतु साहेबाचा बंगला आणि ‘नेटिव्ह’ उपदेशकाचे घर यांत कुंपण असण्याच्या त्या काळात एका पंगतीला बसणे ही मोठीच गोष्ट होती.

१९२७ च्या अखेरीस एल्विन या संघात दाखल झाले. त्यांचा जन्म १९०२ चा, डोव्हर येथला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातून इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळविला होता. चर्चमध्ये उच्च पद मिळण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. साम्राज्याने हिंदुस्थानावर जो अन्याय केला त्याचे थोडे परिमार्जन आपल्या हातून व्हावे, ही भावना त्यांना इकडे घेऊन आली. जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी साबरमती आश्रमास भेट दिली आणि गांधीजींचे ते भक्त बनले.

शामराव हे याच संघातील तरुण सभासद. पहिल्या काही वर्षांत ही मैत्री प्रार्थना, अभ्यास आणि आजारपणातील शुश्रूषा अशा आश्रमजीवनाच्या नित्यक्रमात वाढली. तिला वेगळे वळण लागले ते राजकारणामुळे. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात एल्विन यांनी ख्रिस्ती दृष्टिकोनातून सत्याग्रहाचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. गुजरातेतील ओसाड पडलेल्या गावांवरही त्यांनी लिहिले. चर्चमधील वरिष्ठांना हे मानवणारे नव्हते, आणि संघातील काही सहकाऱ्यांनाही ते अडचणीचे वाटू लागले. १९३१ च्या अखेरीस एल्विन संघाबाहेर पडले. शामरावही त्यांच्याबरोबर निघाले.

या निघण्याचा अर्थ दोघांसाठी सारखा नव्हता. एल्विन यांच्यापाशी ऑक्सफर्डची पदवी, इंग्लंडमधील स्नेही आणि इंग्रज म्हणून मिळणारे संरक्षण होते. चरित्रकारांनी एल्विन यांच्या त्यागाची नोंद सविस्तर घेतली आहे. मराठी ख्रिस्ती समाजातील एका तरुणाने आपल्या संघाचा आधार सोडला, याची नोंद मात्र एखाद्या वाक्यात उरकली जाते.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवन येथे गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि शामराव दोघेही तेथे मुक्कामाला होते. तो सोमवार, म्हणजे मौनाचा दिवस. गांधीजींनी आपल्या देशबांधवांसाठीचा निरोप एल्विन यांच्याकडे कागदावर लिहून दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस हे दोघे मित्र मैकल पर्वतराजीतील करंजिया या गोंड खेड्यात पोहोचले.

करंजिया : स्थानिक कोण?

करंजिया तेव्हा मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात होते. आता ते मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात येते. नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक तेथून जवळ आहे. जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून गोंडांमध्ये सेवाकार्य करण्याचे ठरले होते. येथे ‘गोंड सेवा मंडळ’ स्थापन झाले. मातीच्या भिंतींच्या झोपड्या, लहानसे प्रार्थनागृह, औषधालय, आसपासच्या गावांत शाळा आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवास असा हा व्याप होता. संत फ्रान्सिसचा आदर्श पुण्याहून बरोबर आलाच होता.

मैत्रीच्या अभ्यासकाला येथे एका शब्दापाशी थांबावे लागते. एल्विन यांच्या दृष्टीने शामराव हे ‘स्थानिक’ मित्र होते. परंतु करंजियात शामराव तरी कोठे स्थानिक होते? ते शहरात वावरलेले, इंग्रजी जाणणारे, ख्रिस्ती आणि मराठी. तेथील गोंडांची बोली हिंदीच्या छत्तीसगढी वळणाची. पुण्याची मराठी तेथे उपयोगाची नव्हती. म्हणजे परके दोघेही होते. फरक असा की एकाचे परकेपण कातडीवर लिहिलेले होते आणि दुसऱ्याचे नव्हते. ‘मिशनरी’ आणि ‘स्थानिक’ अशी दोन रकान्यांची मांडणी मिशनच्या इतिहासात सर्रास केली जाते. ती येथे कोलमडते.

गावकऱ्यांनी मात्र आपली मांडणी केली होती. त्यांनी एल्विन यांना ‘बडा भाई’ म्हटले आणि शामरावांना ‘छोटा भाई’. साहेब, पाद्री, गुरुजी यांपैकी कोणतेही पद न वापरता गावाने दोघांना नात्यात बसविले, हे लक्षणीय आहे. भावाभावांतही थोरला-धाकटा असतोच, आणि त्या क्रमानुसार कामे वाटली गेली. एल्विन लिहीत, पत्रव्यवहार करीत, देणग्या मिळवीत. औषधपाणी, शाळांची देखरेख, घरातील व्यवस्था आणि गावकऱ्यांची भांडणे सोडविणे हा भार मुख्यतः शामरावांवर होता. नवरा-बायकोचा तंटा असो की पोलिसांचा जाच, लोक छोट्या भाईकडे येत. एल्विन यांनी आपल्या लेखनात हे मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही बाहेरच्या जगात संस्थेला चेहरा होता तो थोरल्या भावाचा. निधी इंग्लंड-मुंबईतील हितचिंतकांकडून येई, आणि तो एल्विन यांच्या शब्दावर येई.

एल्विन यांची १९३६ साली प्रसिद्ध झालेली ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ ही रोजनिशी या काळाचे महत्त्वाचे साधन आहे. मिशनरी साहित्यात क्वचितच आढळणारा विनोद तिच्यात आहे, आणि तो बहुतांशी स्वतःवर आहे. महाराष्ट्रात ज्याला भगत म्हणतात त्याला तिकडे गुनिया म्हणतात. गावचा गुनिया पंडा बाबा या रोजनिशीत वारंवार भेटतो. औषधालय चालविणाऱ्या मिशनरीने गुनियाला शत्रू मानावे ही रूढ अपेक्षा. येथे तो शेजारी आहे. त्याच्या मंत्रतंत्राकडे पाहताना चेष्टा आहे, कुतूहल आहे, तुच्छता नाही. आदिवासींच्या श्रद्धांकडे अज्ञान म्हणून न पाहता ज्ञानव्यवस्था म्हणून पाहण्याची जी दृष्टी पुढे ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात दिसते, तिचा उगम ग्रंथालयात नसून या शेजारात आहे, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. बैगांच्या ‘बेवर’ या फिरत्या शेतीवर वनखात्याने घातलेली बंदी आणि १८९० मध्ये आखून दिलेला ‘बैगा चक’ यांविषयी एल्विन यांनी जो पक्ष घेतला, त्यामागेही बैगा मित्रांच्या तोंडून ऐकलेले दुःख होते.

धर्मप्रचाराचा प्रश्न

या सर्वांत सुवार्ताप्रसार कोठे होता? नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी हाच प्रश्न विचारला. एल्विन यांनी गोंडांना ख्रिस्ती धर्माचा उपदेश करावा आणि राजनिष्ठेची शपथ घ्यावी, त्याशिवाय धर्मविधी चालविण्याचा परवाना मिळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. एल्विन यांनी दोन्ही गोष्टींस नकार दिला. बिशपांना केवळ कर्मठ ठरविणे योग्य होणार नाही. ज्या चर्चने माणूस धर्मसेवेसाठी दीक्षित केला, त्या चर्चने त्याच्याकडून धर्मसेवेची अपेक्षा करणे अस्वाभाविक नव्हते. परंतु करंजियात एव्हाना मैत्री हेच कार्य झाले होते. धर्मांतराचे साधन म्हणून मैत्री ही कल्पना मिशनरी विचारात जुनीच आहे. येथे साधनाने साध्यच गिळून टाकले. ज्याच्या घरी जेवायचे, ज्याच्या लग्नात नाचायचे, त्याच्याकडे उद्याचा धर्मांतरित म्हणून पाहणे एल्विन यांना अशक्य झाले. १९३५ मध्ये त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडशी असलेला संबंध औपचारिकरीत्या तोडला.

१९४४ मध्ये तर मंडला जिल्ह्यातील कॅथलिक मिशनच्या कार्यपद्धतीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रांतून मोहीमच उघडली. एकेकाळचा मिशनरी मिशनविरोधात उभा राहिलेला पाहून अनेकांना आनंद झाला. त्यांत आदिवासींवरील प्रेमापेक्षा मिशनवरील रागच अधिक असणारे लोकही होते. या साथीदारांची निवड एल्विन यांनी पुरेशी पारखून केली होती, असे वाटत नाही.

गांधीवादी मित्रांशीही अंतर पडत गेले. कापूस न पिकणाऱ्या डोंगरात सूतकताईचा आग्रह आणि मोहाची दारू ज्यांच्या देवकार्याचा भाग आहे त्यांना दारूबंदीचा उपदेश, हे एल्विन यांना पटेनासे झाले. गुरूवरील भक्ती ओसरली. धाकट्या भावाची सोबत टिकली.

मुखपृष्ठावरील नावे

शामरावांचे बौद्धिक कर्तृत्व अद्याप पुरेसे तपासले गेलेले नाही. गोंडांच्या लोकगीतांचा ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा संग्रह १९३५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्यावर शामराव हिवाळे यांचे नाव प्रथम आणि एल्विन यांचे नंतर आहे. १९४४ मध्ये ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ निघाला तेव्हा क्रम उलटला होता. एवढ्यावरून दोघांतील संबंध बदलल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तथापि मधल्या नऊ वर्षांत ‘द बैगा’ व ‘द अगारिया’ (१९४२) या ग्रंथांनी एल्विन मान्यताप्राप्त मानववंशशास्त्रज्ञ बनले होते, आणि नावाच्या वजनाप्रमाणे नावांचा क्रम ठरतो, हा ग्रंथव्यवहारातील अनुभव नवा नाही. गीते गोळा करण्यासाठी ज्या ओळखीपाळखी लागतात त्या कोणी जोडल्या होत्या, हे मुखपृष्ठावरून कळत नाही.

१९४६ हे शामरावांचे वर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी त्यांची दोन पुस्तके आली. त्यांपैकी एक ‘द परधान्स ऑफ द अपर नर्मदा व्हॅली’. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते गोंड यजमानांच्या वंशकथा गातात आणि त्यावर निर्वाह करतात. परंपरेनुसार परधान हा गोंडांचा धाकटा भाऊ मानला जातो. थोरल्याने वैभव भोगायचे आणि धाकट्याने त्याची कीर्ती गायची, असा हा संबंध आहे. मैकल परिसरात इतक्या जमाती असताना ‘छोटा भाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने स्वतंत्र अभ्यासासाठी नेमकी हीच जमात निवडावी, हा योगायोगही असू शकेल.

दुसरे पुस्तक ‘स्कॉलर जिप्सी’. हे एल्विन यांचे चरित्र. चरित्रनायक तेव्हा अवघा चव्वेचाळीस वर्षांचा होता. शीर्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांच्या प्रसिद्ध कवितेवरून घेतलेले आहे; विद्यापीठ सोडून भटक्यांत सामील झालेल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याची कथा त्या कवितेत आहे. चरित्र स्नेहाने ओथंबलेले आहे, टीकेचा सूर त्यात अभावानेच आढळतो, आणि चरित्रग्रंथ म्हणून ही त्याची मर्यादा होय. परंतु मिशनच्या इतिहासात मिशनरींनी ‘नेटिव्ह’ ख्रिस्ती सहकाऱ्यांची चरित्रे लिहिण्याचा प्रघात होता. विन्स्लो यांनी लिहिलेले टिळकचरित्र त्याच परंपरेतले. ‘स्कॉलर जिप्सी’मध्ये लेखणी दुसऱ्या हातात आहे. इंग्रज माणूस हा येथे निरीक्षणाचा विषय आहे, आणि त्याचे अर्थ लावणारा मराठी आहे. अझरियांनी जी बरोबरी मागितली होती तिचे हे एक रूप मानता येईल.

मैत्रीच्या मर्यादा

या सहजीवनाचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी विवाह केला. ती त्यांच्याहून वयाने बरीच लहान, आणि त्यांच्याच संस्थेच्या शाळेत शिकलेली. १९४९ मध्ये हा विवाह न्यायालयात संपुष्टात आला. एल्विन यांनी इतरांच्या कामजीवनावर शेकडो पृष्ठे लिहिली. आत्मचरित्रात या विवाहाविषयी मात्र त्यांनी मोजकेच, खंत व्यक्त करणारे शब्द खर्च केले. गोंड समाजाशी जडलेल्या सर्वांत निकटच्या नात्याची बाजू अशी रिकामी राहिली. शामराव लिहू शकत होते. कोसी यांना ती सोय नव्हती. मैत्रीचा इतिहास लिहिताना साक्षरतेची ही विषमता विसरली, तर तो इतिहास केवळ लिहू शकणाऱ्यांच्या मैत्रीचा होतो.

टीकाही झाली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणत एल्विनप्रणीत संरक्षणवादी धोरणाचा समाचार घेतला. आदिवासींना वेगळे ठेवणे हे त्यांना प्राणिसंग्रहालयात ठेवण्यासारखे आहे, असाही आक्षेप त्या काळात घेतला गेला. आदिवासी हे आजच्या घडीला शेजारच्या समाजांशी अनेक अंगांनी जोडलेले आहेत, हे घुर्ये यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु हे जोडले जाणे सावकार, मद्यविक्रेता आणि वनरक्षक यांच्यामार्फत होत होते, ही गोष्ट करंजियाच्या ओसरीवरून जशी दिसे तशी मुंबईहून दिसणे कठीण होते. एल्विन यांची बाजू मैत्रीने तयार केली होती, आणि मैत्रीतून येणारा पक्षपातही तिच्यात होता.

पाटणगढ

करंजियानंतर संस्थेने मुक्काम हलविले आणि अखेर पाटणगढ येथे तळ ठोकला. १९४६ ते १९४९ या काळात एल्विन भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे उपसंचालक होते. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमावर्ती प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँग येथे राहू लागले. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ (१९५७) हा ग्रंथ, १९६१ चा पद्मभूषण, पंडित नेहरूंचा स्नेह हे सर्व या शेवटच्या पर्वातले. शामराव शिलाँगला गेले नाहीत. ते पाटणगढलाच राहिले. जवळजवळ पंचवीस वर्षे एका चुलीवर जेवलेले दोन मित्र आता पत्रांनी बांधलेले होते. शासकीय सल्लागाराला प्रवास, फायली आणि अधिकारी यांचा गराडा होता. खेड्यातील संस्थेला पैशाची चणचण होती, कारण ज्या नावावर देणग्या येत ते नाव दूर गेले होते.

२२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत एल्विन यांचे निधन झाले. ‘द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरिअर एल्विन’ हे आत्मचरित्र त्याच वर्षी निघाले आणि १९६५ मध्ये त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात शामरावांविषयी अपार कृतज्ञता आहे. ‘स्कॉलर जिप्सी’ मात्र १९४६ मध्येच थांबते. पुढच्या अठरा वर्षांवर, विशेषतः मित्र दूर गेल्यानंतरच्या दहा वर्षांवर, धाकट्या भावाने दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. पाटणगढ पुढे ज्ञात झाले ते जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) या परधान चित्रकाराचे गाव म्हणून.